जुन्या पळसदेवची वाट

आम्हां सोलापूरकरांस समुद्र नाहीं. कोंकणांत आमचे व्याही आहेत. ते दर उन्हाळ्यांत बोलावणें पाठवितात, हरिहरेश्वरीं लाटांनीं कोरलेल्या कातळाचें वर्णन करितात, आणि शेवटीं 'तुमच्याकडे पाहण्यासारखें काय आहे?' असें हंसत विचारतात. सिद्धेश्वराचें तळें, भुईकोट किल्ला, पंढरपूर आणि अक्कलकोट एवढीं नांवें घेऊन झालीं कीं आम्हांस थांबावें लागे. सन २०२४ च्या वैशाखापासून मात्र त्यांस सांगावयास आमच्यापाशीं आणखी एक स्थळ आहे. तेथें कांठ आहे, लाटा आहेत, काळा कातळ आहे, आणि माणसांनीं सोडलेलें एक गांव आहे. कोंकणची ओहोटी सहा तासांत येते. येथली ओहोटी यावयास कधीं कधीं वर्षेंच्या वर्षें लागतात, आणि ती येऊं नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. तें गांव म्हणजे जुनें पळसदेव.

पळसदेव हें पुणें जिल्ह्यांतल्या इंदापूर तालुक्याचें गांव. सोलापुराहून पुण्याच्या हमरस्त्यानें निघालें, टेंभुर्णी मागें टाकली, भीमेचा पूल ओलांडला आणि इंदापूरहि मागें पडलें, कीं भिगवणच्या अलीकडे तें लागतें. अंतर सुमारें १३० किलोमीटर. हमरस्त्यावर दिसतें तें नवें पळसदेव. जुनें उत्तरेस भीमेच्या कांठीं होतें.

भीमा भीमाशंकरीं उगम पावते, वाटेंत इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्यांस पोटांत घेते आणि पंढरपुरास चंद्रभागा होते, हें शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक असतें. पंढरपुराच्या वर, माढें तालुक्यांत उजनी गांवाजवळ, तिच्यावर धरण बांधण्यांत आलें व तें १९८० सालीं पुरें झालें. तेव्हांपासून इंदापूर आणि करमाळें या दोन तालुक्यांमधली नदीकांठची काळी जमीन जलाशयाखालीं आहे. जलाशयाचें सरकारी नांव यशवंतसागर; लोक नुसतें 'उजनी' म्हणतात.

या जलाशयाची घडण ध्यानांत आल्यावांचून पुढची हकीकत नीट कळणार नाहीं, म्हणून मास्तरकीच्या जुन्या संवयीनें दोन-चार आंकडे सांगतों. कोयनेच्या धरणांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें, उजनींत ११७. पण कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या अरुंद दरींत उभें राहिलेलें आहे, आणि उजनीचें सपाट प्रदेशावर पसरलेलें आहे. स्वयंपाकघरांतला दृष्टांत द्यावयाचा तर कोयना ही घागर आणि उजनी ही परात. परातींतल्या या ११७ पैकीं सुमारें ६३ अब्ज घनफूट पाण्यास 'मृत साठा' म्हणतात. तें अडीनडीसाठीं तळाशीं राखून ठेवावयाचें. वरचें ५३-५४ अब्ज तें 'उपयुक्त'. जलाशय पूर्ण भरला म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते, आणि ती ४९१.०३ मीटरांवर आली कीं उपयुक्त साठा संपला. म्हणजे दोन-तीन जिल्ह्यांची शेती, कारखाने आणि नळ हा सारा व्यवहार सुमारें पावणेसहा मीटर जाडीच्या थरावर चालतो. परातींतलें पाणी बोटभर उतरलें तरी कडेचा तळ वीतभर उघडा पडतो. तसें येथें पाणी पुरुषभर उतरलें कीं नजर पोंचेल तेथवर जमीन बाहेर येते.

उपयुक्त साठा संपून मृत साठ्याला हात लागला कीं वर्तमानपत्रांत 'उजनी उणे दहा टक्के', 'उणे वीस टक्के' असें छापून येतें. शून्याच्या खालीं पाणी कसें असेल, असें आमच्या नातवानें विचारलें. त्यास कर्ज काढून चालविलेल्या संसाराचें उदाहरण दिलें, तेव्हां तें पटलें. २०२४ सालीं जानेवारींतच हा शून्याचा आंकडा ओलांडला गेला होता, आणि वैशाखांत तो उणे पन्नासाच्याहि खालीं उतरला. पुतण्यानें एके सकाळीं पळसनाथाच्या देवळाचें वर्तमानपत्रांतलें चित्र आमच्यापुढें ठेवलें. शिखर, मंडप, सगळें देऊळ कोरड्यावर उभें होतें. अक्षय्यतृतीया झाल्यावर पुतण्या, त्याचा बारा वर्षांचा मुलगा आणि आम्ही असे तिघे निघालों.

उतरण्याची सोय आधींच झाली होती. आमच्या नोकरीचीं कांहीं वर्षें करमाळें तालुक्यांत गेलीं. तेथें वर्गांत नव्या मुलास 'गांव कोणतें?' म्हणून विचारलें, तर कांहीं मुलें उलट विचारीत, 'जुनं का नवं, गुरुजी?' हीं धरणग्रस्तांचीं मुलें. जुनें गांव त्यांनीं स्वतः पाहिलेलें नसे, पण पत्ता सांगतांना तीं दोन्ही सांगत. अशाच एका विद्यार्थ्याची सासुरवाडी पळसदेवची आहे. त्याचे सासरे पंचाहत्तरीच्या पुढें गेलेले, अंगानें काटक, बोलण्यांत मोजके. त्यांच्या घरीं आमचा मुक्काम झाला.

रात्रीं भाकरी-पिठल्याचें जेवण झाल्यावर अंगणांत बाजा टाकल्या. गांव उठला त्या दिवसांची गोष्ट निघाली. पाणी एका रात्रींत आलें नाहीं; आधीं मोजणी झाली, मग नोटिसा आल्या, मग नव्या गांवठाणांत जागा आंखून मिळाल्या. लोकांनीं दारें, चौकटी, तुळया, वासे उतरवून बैलगाड्यांवर घातले. देवहि हालविला, पळसनाथासाठीं नव्या गांवांत नवें देऊळ बांधलें. घरांतल्या आजीबाई इतका वेळ उंबऱ्यांत बसून ऐकत होत्या, त्या मध्येंच म्हणाल्या, "जातं आणलं, पाटा आणला, तुळशीची माती टोपल्यात भरून आणली. हीर काय आणता यीना." आमच्या नातवास हसूं आलें, पण आजीबाई हंसत नव्हत्या. नव्या गांवांत आल्यावर पहिलीं दोन वर्षें पाण्यासाठीं किती चालावें लागे, हें त्यांनीं पुढें सांगितलें. मागें एवढा सागर भरलेला आणि डोक्यावर घागर, असें तें दृश्य असे.

पहांटे पांचाच्या आधीं निघालों. वैशाखाचें ऊन माथ्यावर येण्यापूर्वीं परतावें असा बेत होता. सासरे पुढें, हातांत काठी, मागें आम्ही.

नव्या गांवाच्या पाठीशीं ऊंस आहे. तो संपला कीं एक लहानसा उतार लागतो. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी येथवर येऊन टेकतें. उतारावरून खालीं पाहिलें तों पाण्याचा मागमूस नाहीं. पुढें करडा, उघडा माळ पसरलेला आणि त्यावरून लांबच लांब काळे नळ गेलेले. पाणी मागें हटूं लागलें कीं शेतकरी नळास नळ जोडीत जातात आणि मोटर पाण्याच्या पाठोपाठ नेतात. कांहीं नळ दीड-दोन मैल लांब गेले होते. "बापाची जमीन खाली हाय, ल्योकाची वर हाय," सासरे म्हणाले, "आन् मधी ह्यो नळ."

उताराच्या पायथ्याशीं गाळाचा पट्टा आहे. गाळ वाळून तडकला होता आणि त्याच्या ताटाएवढ्या ढलप्या झाल्या होत्या. नातवानें दहा-बारा ढलप्यांचे कोन मोजले; बहुतेक पांच किंवा सहा निघाले. हाच नियम दगडासहि लागू आहे. मुंबईस अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस तिचे उभे, कोनाकोनांचे खांब आठवतील. गाळ वाळतांना आकसतो, लाव्हारस निवतांना आकसतो. आकसणाऱ्या वस्तूस तडे जातात आणि ते असेच कोन करून जातात. मुलास हें पुस्तकांतून चार वेळां सांगूनहि कळलें नसतें. तेथें बसून ढलपी हातांत घेतल्यावर तें एका वाक्यांत कळलें.

गाळांत शिंपल्यांचा खच पडलेला असतो. चालतांना ते पायांखालीं करकर वाजतात. मधूनमधून बाभळीचे खुंट, काळे पडलेले, पण अजून मुळांवर ताठ. एके ठिकाणीं दोन समांतर चाकोऱ्या दगडांत उतरलेल्या दिसल्या. सासरे म्हणाले, ही जुनी गाडीवाट. तेथून पुढें त्यांनीं खालीं पाहून चालणें सोडून दिलें. वाट त्यांच्या पायांस ठाऊक होती.

गाडीवाट ज्या बाजूस वळते, तेथें गाळ संपतो आणि कातळ सुरू होतो. कोंकणच्या व्याह्यांस आम्ही जें मुद्दाम कळविलें तें याच जागेविषयीं. दख्खनचा हा सारा काळा दगड सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाच्या थरांवर थर येऊन झालेला आहे, पण आपणांस तो एरवीं दिसतो कोठें? डोंगराच्या कड्यांत, विहिरीच्या पोटांत, नाहीं तर खाणींत. सपाटीवर तो मातीखालीं झांकलेला असतो. येथें चाळीस-पंचेचाळीस वर्षें पाण्यानें भरती-ओहोटी करून त्याच्यावरची माती खरवडून नेली आहे, आणि खडक सोललेल्या अंगानें उघडा पडला आहे. कांहीं ठिकाणीं तो एकसंध, निळसर काळा आणि इतका गुळगुळीत, कीं पहांटेच्या उजेडांत ओला वाटला. कांहीं ठिकाणीं त्याचे वाटोळे धोंडे झाले आहेत आणि धोंड्यांचे पापुद्रे कांद्याप्रमाणें एकाआड एक सुटत आहेत. आंतला गाभा घट्ट, बाहेरची साल हातानें निघावी इतकी ठिसूळ. आणखी पुढें खडकास असंख्य बारीक छिद्रें. लाव्हारस निवतांना त्यांतून वाफा निघाल्या, त्यांचीं हीं घरें. पुष्कळांत पांढरे स्फटिक भरले आहेत, आणि सूर्य वर आला तेव्हां तो सगळा काळा पट्टा तीळ-साखरेसारखा चमकूं लागला.

याहून मौज धोंड्यांवरच्या रेघांची. पाणी उतरतांना एका पातळीवर कांहीं दिवस थबकतें, वारा सुटला कीं लाटा तेथेंच आपटत राहतात, आणि खडकावर क्षारांची एक पांढरी रेघ उमटते. मग पाणी आणखी उतरतें आणि दुसरी रेघ उमटते. मोठ्या धोंड्यावर अशा रेघा एकाखालीं एक दिसतात. देवळांतल्या खांबावर भस्माचे पट्टे ओढावे तशा. ज्या वर्षीं धरण भरून राहिलें त्या वर्षाची रेघ ठळक, जेथून पाणी झपाट्यानें गेलें तेथें मुळींच नाहीं. ज्यास वाचतां येईल त्याच्यासाठीं ती वहीच आहे. आम्हांस ती वाचतां आली नाहीं; सासऱ्यांना थोडी येत होती.

पारनेर तालुक्यांत निघोजला कुकडी नदीनें खडकांत रांजणाएवढे खळगे कोरले आहेत, ते वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिले असतील. पाण्याच्या भोंवऱ्यांत सांपडलेले गोटे शतकानुशतकें गरगर फिरून हें काम करितात. कुकडी घोड नदीस मिळते, घोड भीमेस मिळते आणि भीमा उजनींत येते. तेथें दगड कोरणारें पाणी खळाळतें असतें, येथें तेंच पाणी वर्षांतले आठ-दहा महिने निजलेलें. तरी त्याचें काम थांबलेलें नाहीं.

कातळाच्या पलीकडे देऊळ एकदम दृष्टीस पडतें. लांबून तें एकटें दिसतें. जवळ गेल्यावर कळतें कीं आपण गांवांतच उभे आहों. पायांखालचे दगड आतां नुसते धोंडे राहिलेले नसतात, ते ओळीनें लागलेले असतात. मातीच्या भिंती पहिल्या दोन-चार वर्षांतच विरघळून गेल्या, जोतीं राहिलीं. जोत्यामागून जोतें, मधून बोळ, बोळाच्या तोंडाशीं उखळाचा दगड, एके ठिकाणीं गाळानें कांठोकांठ भरलेली दगडी विहीर. लाकडाचें नांव नाहीं, कारण तें सगळें गाड्यांवरून गेलें. आमच्या लहानपणीं गांवाचा नकाशा काढावयास गुरुजी सांगत. तो नकाशा एकास-एक प्रमाणांत जमिनीवर काढून ठेवलेला आहे, असें वाटलें.

पळसनाथाचें देऊळ खालीं काळ्या दगडाचें आहे आणि वर विटा-चुन्याचें शिखर आहे. शिखर भूमिज धाटणीचें. म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों: शिखराच्या चारी अंगांनीं खालून वरपर्यंत उभे पट्टे जातात, आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेंत लहान लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक रचलेल्या असतात, वर जातांना आकारानें लहान होत जाणाऱ्या. ठाणें जिल्ह्यांतलें अंबरनाथ आणि सिन्नरचें गोंदेश्वर हीं या पद्धतीचीं प्रसिद्ध देवळें. आमच्याकडे जुनें काळ्या दगडाचें देऊळ दिसलें कीं 'हेमाडपंती' म्हणण्याची रीत आहे. वास्तविक हेमाद्रि पंडित हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला मंत्री, आणि अंबरनाथचा शिलालेख १०६० सालचा. त्यापूर्वीं दोनशें वर्षें हें काम करणारे कारागीर महाराष्ट्रांत होते. शाळा सुटली तरी ही दुरुस्ती करण्याची खोड आमची जात नाहीं.

शिखराच्या विटांतला चुना बऱ्याच ठिकाणीं धुऊन गेला आहे. तरी दर पावसाळ्यांत बुडून, महिनोन् महिने पाण्यांत उभें राहून हें देऊळ इतकें टिकलें, याचें नवल वाटतें. आम्हांस सुचलेलें कारण असें, कीं येथें पाणी वाहतें नसतें. तें सावकाश चढतें आणि सावकाश उतरतें. जवळच वीरगळ आहेत. एकावर खालच्या चौकटींत लढाई, वरच्या चौकटींत तो वीर शिवपूजा करीत बसलेला, आणि अगदीं वर चंद्र-सूर्य. जोंवर चंद्र-सूर्य आहेत तोंवर याचें नांव राहो, असा त्या चिन्हांचा अर्थ. नांव मात्र दगडावर कोरलेलें नाहीं. आम्हीं देवळांत शिरलों. गर्भगृहांत देव नाहीं, गारवा आहे. सासऱ्यांनीं उंबऱ्यास हात लावून तो कपाळास लावला आणि ते बाहेर येऊन बसले.

मग ते देवळाच्या कोपऱ्यापासून पावलें मोजीत निघाले. ओठ हालत होते. एका जोत्यापाशीं थांबले, पुन्हां मागें गेले, दुसऱ्या बोळांतून आले आणि एका लांबट दगडावर काठी टेकून म्हणाले, "ह्यो आमचा उंबरा." त्या दगडाच्या मधोमध पाऊल पडून पडून झालेला खोलगा होता. त्याच्या डाव्या हातास गोठा, उजवीकडे देवघर, मागें परसांत शेवग्याचें झाड, असें ते सांगत गेले, आणि नातू प्रत्येक जागीं जाऊन उभा राहूं लागला. देवघराच्या जागीं उभा राहतांना त्यानें पायांतल्या वहाणा काढल्या. कोणी सांगितलें नव्हतें.

इंदापूर तालुक्याविषयीं एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांत जमिनीची जी मोजणी आणि प्रतबंदी झाली, जिच्यामुळें सर्व्हे नंबर, सात-बारा हे शब्द आपल्या घराघरांत आले, तिची सुरुवात १८३५-३६ च्या सुमारास याच तालुक्यांत गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघां अंमलदारांनीं केली. कोणती जमीन काळी, कोणती बरड, कोणती किती पिकेल, याचें गणित पहिल्यानें येथल्या मातीवर बसविलें गेलें. त्यांतली नदीकांठची उत्तम प्रतीची जमीन आज पाण्याखालीं आहे आणि बरड माळावर नवीं गांवें आहेत. माळ बरड राहिला नाहीं, कारण त्यास याच जलाशयाचें पाणी मिळालें. हेंहि सांगितलें पाहिजे.

उंबऱ्यावर बसून न्याहारी झाली. सासऱ्यांनीं विचारलें, "गुरुजी, तुमच्या सोलापुरात नळाला पाणी कवा येतं?"

"पांच दिवसांनीं," आम्हीं सांगितलें.

ते थोडा वेळ गप्प राहिले. "आमचं गाव बुडवून पाच दिवसांनीच?"

यांत रोष नव्हता. त्यांना खरोखरच नवल वाटलें होतें. गांव गेला तेव्हां त्यांना सांगण्यांत आलें होतें कीं खालच्या दुष्काळी मुलखास पाणी मिळेल, आणि तो मुलूख म्हणजे आम्ही. आम्हीं त्यांस समजावून सांगण्याचा यत्न केला. उजनीचें पाणी सोलापुरास दोन वाटांनीं येतें, एक थेट जलवाहिनीनें आणि दुसरी नदीच्या पात्रांतून टाकळीपर्यंत. पात्रांतून आणावयाचें तर एकेका खेपेस पांच-सहा अब्ज घनफूट सोडावें लागे. वाटेंत तें वाळू पिते, ऊन पितें, कांठच्या मोटारी पितात, आणि शहराच्या वांट्यास त्यांतलें थोडें येतें. शिवाय सोलापूर जिल्ह्यांत साखरेचे कारखाने दाट, आणि ऊंस हें पीक वर्षभर, कधीं त्याहूनहि अधिक काळ पाणी पितें. एवढें बोलून झाल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं सासरे मागें वळून पाहत आहेत. मागें दूरवर त्यांचाच ऊंस हिरवा दिसत होता. "आमी बी पितोच की," ते म्हणाले, "पण खाली पाणी सोडलं की आमची मोटर उघडी पडती. आन् गाव दिसाय लागलं की पोटात गोळा येतो. ल्योकं म्हणत्यात बघाय जाऊ, फोटू काढू. म्या म्हनतो, गाव दिसू नये हेच बरं."

आपल्या जन्मगांवाचें दर्शन होऊं नये, अशी प्रार्थना करणारा मनुष्य आम्हीं प्रथमच पाहिला. आमचें स्वतःचें मत असें, कीं पिण्याचें पाणी नदीच्या उघड्या वाळूवरून आणणें हा त्या बुडालेल्या गांवाशीं चांगला व्यवहार नव्हे. बंद नळानें आणावें, मोजून आणावें. याहून अधिक बोलण्याचा अधिकार पाणी पिणाऱ्या आम्हां शहरवाल्यांस कितपत आहे, याची शंका वाटते.

पाण्याची खरी कड देवळापासून आणखी पुढें होती. तेथवर जाऊन आलों. कडेला कांहीं रोहित पक्षी माना बुडवून उभे होते. हिंवाळ्यांत येथें हिमालयापलीकडून येणारे पट्टकादंबहि उतरतात, आणि ते पाहावयास भिगवण-कुंभारगांवास दुरून लोक येतात. मेघदूतांत पावसाच्या आरंभीं मानसाकडे निघालेले राजहंस आहेत. त्यांचा मार्ग विद्यार्थ्यांना शिकवितांना फळ्यावर आम्हीं खडूनें अनेकदां काढला, पण त्या दिशेनें जाणारे पक्षी घरापासून चार तासांच्या अंतरावर उतरतात, हें तेव्हां ठाऊक नव्हतें.

उन्हें चढण्यापूर्वीं परतलों. दुपारीं डिकसळचा जुना दगडी पूल पाहिला. पुण्याहून निघालेली आगगाडी १८५८ सालीं डिकसळपर्यंत आली, पुढच्या वर्षीं बार्शी रोडपर्यंत म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आणि १८६० सालीं सोलापुरास पोंचली. धरणामुळें लोहमार्ग हालविला गेला. जुना पूल करमाळ्याकडे जाणाऱ्या मोटारींसाठीं उरला. आमच्या पणजोबांची काशीयात्रा याच पुलावरून गेली असली पाहिजे.

आम्ही सोलापुरास परतल्यावर थोड्याच दिवसांनीं, २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं, करमाळें तालुक्यांतल्या कुगांवहून इंदापूर तालुक्यांतल्या कळाशीकडे येणारी प्रवाशांची नाव वादळानें उलटली आणि सहा जण बुडून गेले. त्यांत लेंकरेंहि होतीं. जलाशय झाल्यापासून समोरासमोरचीं हीं गांवें रस्त्यानें फार दूर पडलीं आहेत, आणि सोयरीक मात्र पूर्वींचीच राहिली आहे. म्हणून लोक नावेनें जातात. आमच्या यजमानांच्या घरचीं माणसेंहि याच पाण्यावरून पैलतीरीं जात-येत असत. पत्र लिहून विचारपूस केली. त्यांचें कोणी नव्हतें.

ज्या कुटुंबांस हें स्थळ पाहावयाचें असेल त्यांनीं वर्तमानपत्रांतल्या आंकड्यावर नजर ठेवावी. उजनी शून्याच्या बरीच खालीं गेल्याखेरीज देऊळ पूर्णपणें कोरड्यावर येत नाहीं. एप्रिलच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंतचा काळ योग्य. पहांटे निघावें, प्रत्येकास दोन तांबे तरी पाणी बरोबर असावें, कारण वाटेंत सावलीचें एकहि झाड नाहीं. वरून वाळलेला दिसणारा गाळ कडेला आंतून ओला असतो आणि त्यांत माणूस गुडघाभर जातो. म्हणून गांवांतला जाणता मनुष्य पुढें घ्यावा आणि मुलांस पाण्याच्या कडेशीं सोडूं नये. स्फटिक, वीरगळाचे तुकडे, जोत्यावरचे दगड उचलून आणूं नयेत. ते ज्यांचे आहेत ते लोक दोन-तीन मैलांवर राहतात.

त्या वर्षीं पाऊस चांगला झाला. पुण्याकडचीं धरणें भरलीं, भीमेला लोट आला आणि ऑगस्टांत उजनी शंभर टक्के भरली. एके संध्याकाळीं सासऱ्यांनीं दूरध्वनि केला. "गुरुजी, बुडालं बघा गाव," ते म्हणाले. आवाजांत आनंद मावत नव्हता. मागून आजीबाई कांहीं सांगत होत्या, तें नीट ऐकूं आलें नाहीं. मग त्यांनीं विचारलें, आतां तरी नळाला रोज पाणी येतें ना? आम्हीं सांगितलें, अजून नाहीं.